हनोईत सुरुवात, अंगकोरला शेवट: व्हिएतनाम-कंबोडियाची सहल स्वतः कशी आखाल

व्हिएतनाम आणि कंबोडिया एका सहलीत करायचं ठरलं की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी काढतात आणि मग विमानं जुळवायला बसतात. त्याऐवजी आधी दिशा ठरवा. उत्तरेला हनोईत उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला सरकायचं, सायगॉनहून, म्हणजे हो ची मिन्ह सिटीहून, कंबोडियात शिरायचं आणि सीम रीप गावाजवळचा अंगकोरचा देवळांचा परिसर शेवटी ठेवायचा. नकाशावर हा क्रम सोयीचा आहेच, पण मी तो सुचवतो त्याचं कारण वेगळं आहे. मध्य व्हिएतनाममध्ये ‘मी सॉन’ नावाचं शिवमंदिरांचं खोरं आहे. देवळं विटांची, बरीच पडझड झालेली, उंचीने बेताची. अंगकोरच्या आधी पाहिली तर त्यांत मन रमतं. अंगकोर पाहून मग तिथे गेलात, तर घरची मंडळी वीस मिनिटांत ‘झालं का?’ विचारायला लागतील.

सगळं सावकाश बघायला चौदा-पंधरा दिवस हवेत. दहाच असतील तर हनोई-निन्ह बिन्ह तीन, होई आन तीन, सीम रीप चार अशी वाटणी करा आणि सायगॉन, नोम पेन्ह सरळ सोडून द्या. दा नांगहून सीम रीपला थेट विमान मिळालं तर उत्तमच, नाहीतर सायगॉनला विमान बदलून जाता येतं. दहा दिवसांत दोन्ही देशांतली सगळी शहरं कोंबली, तर आठवणीत फक्त विमानतळ उरतात.

आधी महिना ठरवा

व्हिएतनाम लांबुळका देश आहे आणि त्याचे तीन तुकडे तीन वेगळे ऋतू भोगत असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत हनोईला चांगलीच थंडी असते, आभाळ करडं, समुद्रावर धुकं. त्याच दिवसांत सायगॉन आणि सीम रीप कोरडे, उन्हाचे, फिरायला झकास. मध्य भागात, म्हणजे ह्युए-दा नांग-होई आनला, मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी तेव्हाच येते. होई आनच्या जुन्या गल्ल्यांत त्या महिन्यांत पुराचं पाणी शिरतं, तेव्हा दिवाळीत जायचं असेल तर मधला टप्पा लहान ठेवा आणि तिथलं हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

सगळ्या टप्प्यांना बरा म्हणावा असा काळ फेब्रुवारीअखेर ते मार्च. मे महिन्याची शाळेची सुट्टी हाच एक पर्याय असेल तर जा, पण सीम रीपच्या उन्हाची तयारी ठेवा: पहाटे देवळं, दुपारी खोलीत झोप, चारनंतर पुन्हा बाहेर.

दोन सण टाळा. एक तेत, म्हणजे व्हिएतनामी नववर्ष, जे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात येतं. त्या आठवड्यात लोक गावी जातात, दुकानं बंद, गाड्या-विमानं भरलेली. दुसरं ख्मेर, म्हणजे कंबोडियन, नववर्ष, एप्रिलच्या मध्यात, आपल्याकडच्या मेष संक्रांतीच्याच सुमाराला.

व्हिसा आणि तिकीट एकत्रच बघा

व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. गोंधळ होतो तो इथे: मुंबई-हनोई-मुंबई असं परतीचं तिकीट स्वस्त मिळतं म्हणून काढलं जातं, मग कंबोडियातून पुन्हा व्हिएतनाममध्ये यावं लागतं, आणि एकदा प्रवेशाचा व्हिसा तोवर संपलेला असतो. म्हणून दोनांपैकी एक करा. परतीचं विमान सीम रीपहून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे घ्या, नाहीतर व्हिएतनामचा अनेकदा प्रवेशाचा व्हिसाच काढा. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी, दोन्हीकडे थेट विमानं आहेत, त्यामुळे जाण्याची अडचण नाही. हिशेब परतीचा आहे.

अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. पत्त्याच्या शेवटी व्हिएतनामसाठी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ आणि कंबोडियासाठी ‘जीओव्ही डॉट केएच’ आहे ना, बघून घ्या. शोधात वर येणारी बरीचशी पानं दलालांची असतात आणि दुप्पट पैसे घेतात. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. पासपोर्टच्या तळाशी ज्या दोन यांत्रिक ओळी असतात, त्यांत आहे तेच पूर्ण नाव भरा. मधलं नाव गाळू नका. अर्जात प्रवेशाचं ठिकाणही निवडावं लागतं, म्हणून आधी विमान नक्की करा. तीन आठवडे आधी अर्ज टाकला तर चूक निघालीच तरी दुसरा करायला वेळ राहतो. कागदावर छापील प्रत जवळ ठेवा.

कंबोडियाचा पर्यटक व्हिसा भारतीयांना विमानतळावर उतरल्यावरही मिळतो, ३० डॉलर. ई-व्हिसा आधी काढला तर रांग वाचते. विमानाने जाणार असाल तर उतरण्याच्या आधीच्या ७ दिवसांत ई-अरायव्हल फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे, त्याचे पैसे मागणारं पान दिसलं तर बंद करा.

नोटा आणि ताट

डॉलर घेऊन जा, पण कोरे. कंबोडियात रोजचा व्यवहार डॉलर आणि रिएल दोन्हींत चालतो, एका डॉलरला साधारण ४,००० रिएल, आणि कोपरा फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली डॉलरची नोट कोणी हातात घेत नाही. एक आणि पाच डॉलरच्या भरपूर नोटा ठेवा. व्हिएतनाममध्ये मात्र डोंगच. १ लाख डोंग म्हणजे साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये. २०,००० आणि ५ लाखांची, अशा दोन्ही नोटा निळ्या असतात. अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजूनच द्या. तशी टॅक्सीऐवजी ग्रॅब अॅप वापरलं की हा प्रश्नच कमी होतो. कंबोडियात ग्रॅबबरोबर पासअॅपवर टुकटुक मिळते.

शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही, पण डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. व्हिएतनाममध्ये ‘कॉम चाय’ अशी पाटी म्हणजे बौद्ध शाकाहारी खाणावळ. तिथे जे मिळतं ते निःशंक खा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक लोक मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी या खाणावळी फुललेल्या असतात. बाकी ठिकाणी नुसत्या भाज्यांच्या पदार्थातही माशांचं खारं पाणी, नुओक माम, घातलेलं असतं आणि त्यांच्या दृष्टीने ते मांस नसतं. स्पष्ट विचारा. हनोईचा जुना भाग, दा नांग, सायगॉन आणि सीम रीपमध्ये भारतीय हॉटेलं आहेत. तरी मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बॅगेत असू द्या. गरम भात कुठेही मिळतो.

हनोई आणि तिथून जवळ

हनोईला दोन दिवस पुरतात. जुन्या गल्ल्या आणि होआन किएम तळ्याभोवतीचा फेरफटका शनिवार-रविवारी करा, तेव्हा तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. एरवी रस्ता ओलांडायची रीत अशी: एका संथ चालीने चालत राहायचं, थांबायचं नाही, पळायचं तर अजिबात नाही. दुचाकीवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने निघतात.

१०७० मध्ये स्थापन झालेलं साहित्यमंदिर चुकवू नका. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले ८२ शिलालेख आहेत, राजदरबारच्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांच्या नावांचे. व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचं समाधी-स्मारक सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतं, बाकी दिवशी फक्त सकाळी उघडतं, आणि वर्षातले काही आठवडे देखभालीसाठी बंद ठेवतात. आणि हो, व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा तो निरोप तुम्हालाही आला असेल, की व्हिएतनामच्या नेत्याच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा मावळा’ असं कोरलंय. इथे तसं काहीही लिहिलेलं नाही. गाइडला विचारून त्याला कोड्यात पाडू नका.

मग प्रश्न येतो: हा लाँग बे की निन्ह बिन्ह? दोन्हीकडे चुनखडीचे सुळके पाण्यातून वर आलेले. हा लाँग समुद्रात, १९९४ पासून जागतिक वारसा. ते खऱ्या अर्थाने बघायचं तर जहाजावर एक रात्र काढायला हवी. हनोईहून एका दिवसात जाऊन येण्यात पाच तास गाडीतच जातात. जून ते सप्टेंबर वादळांचा काळ, तेव्हा फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात, त्यामुळे पैसे परत मिळण्याची अट वाचूनच आरक्षण करा. जहाजावर जेवण शाकाहारी हवं असेल तर तेही आरक्षणातच लिहून घ्या, चढल्यावर सांगून उपयोग नाही.

वेळ कमी असेल, बरोबर वयस्कर माणसं असतील, तर मी निन्ह बिन्ह निवडेन. हनोईहून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. चांग आनमध्ये वल्ह्यांच्या होडीत बसून सुमारे तीन तास गुहांमधून फिरवतात. काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते. सकाळी लवकरची होडी पकडा. जवळच ताम कॉकला नावाडी चक्क पायाने वल्ही मारतात. गुडघे साथ देत असतील तर मुआ गुहेच्या साधारण ५०० पायऱ्या चढा, वरून भातखाचरांमधून वळणारी नदी दिसते. दुपारच्या उन्हात मात्र नको.

ह्युए, होई आन आणि मी सॉन

हनोईहून विमानाने ह्युएला या. १८०२ ते १९४५ या काळात राज्य केलेल्या न्ग्वेन घराण्याची ही राजधानी. व्हिएतनाम युद्धातल्या १९६८ च्या लढाईत किल्ल्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तरी तटबंदी, दरवाजे आणि शहराबाहेरच्या राजांच्या समाध्या पाहण्यासारख्या आहेत. एक रात्र बास. दुसऱ्या दिवशी दा नांगची आगगाडी घ्या आणि डावीकडची खिडकी मागा. हाय वान घाटात रूळ समुद्राला अगदी चिकटून जातात.

दा नांगला उतरल्यावर चाम शिल्पांच्या संग्रहालयात दोन तास द्या. चाम म्हणजे मी सॉनची देवळं बांधणारे इथले जुने लोक. हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. मी सॉनमधली उत्तम शिल्पं आज तिथे जागेवर नाहीत, ती इथे आहेत: नर्तकी, शिव, गणपती, कोरीव चौथरे. इथून डोंगरावरचं बा ना हिल्स आणि तिथला दोन प्रचंड हातांवर पेललेला सोनेरी पूल जवळच. २०१८ साली फोटोसाठी बांधलेली ती जागा आहे, तिकीट महाग, आणि धुकं असेल तर पूलही दिसत नाही. मुलं हट्ट धरत असतील तर जा. नाहीतर तो दिवस होई आनला द्या.

होई आनचं जुनं बंदर-गाव १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. संध्याकाळी आकाशकंदिलांची शोभा असते खरी, पण खांद्याला खांदा लागेल एवढी गर्दीही असते. सकाळी सातला बाहेर पडा. पिवळ्या भिंतींवर ऊन येतंय, दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्या आहेत, जपानी पुलावर कोणी नाही. हाच पूल २०,००० च्या नोटेवर छापलेला आहे. कपडे शिवून घ्यायचे असतील तर पहिल्याच दिवशी माप द्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

मी सॉन होई आनपासून सुमारे ४० किलोमीटर. सहलीच्या बसगाड्या नऊच्या सुमाराला यायला लागतात, त्याआधी आत असाल अशा बेताने निघा. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर नावाचं शिवलिंग स्थापन केलं आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत चाम राजे देवळं बांधत राहिले. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत आहेत. विटा एकमेकींवर इतक्या घट्ट बसवल्यात की सांध्यात चुन्याची रेघ दिसत नाही. देवळांच्या गटांना अक्षरं दिली आहेत. त्यांतले बी, सी आणि डी सर्वांत टिकलेले. ए गटातला मुख्य मनोरा १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात कोसळला. बॉम्बचे खड्डे अजून आहेत. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने २०१७ पासून ए, एच आणि के या गटांचं जतन केलं, आणि त्या कामातच २०२० मध्ये एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं. चाम लोकांचे चेहरे, मुकुट, अंगरखे इथे नीट बघून ठेवा. कंबोडियात ते पुन्हा भेटणार आहेत.

सायगॉन, सीमा, नोम पेन्ह

नकाशावर हो ची मिन्ह सिटी, तोंडात सायगॉन. दोन दिवस. ३० एप्रिल १९७५ ला ज्याच्या फाटकातून रणगाडे आत घुसले तो पुनरेकीकरण राजवाडा, जुनं टपाल कार्यालय, आणि युद्धावशेष संग्रहालय. शेवटच्यात एजंट ऑरेंज या अमेरिकेने युद्धात फवारलेल्या विषारी रसायनाच्या बळींची छायाचित्रं आहेत. लहान मुलांना वरच्या मजल्यावर नेऊ नका. युद्धात लपण्या-लढण्यासाठी वापरलेल्या कू ची भुयारांचे दोन भाग पर्यटकांना खुले आहेत: बेन दिन्ह जवळचं आणि गजबजलेलं, बेन दुओक लांबचं आणि निवांत. आपल्यासाठी भुयारं रुंद केलेली आहेत, तरी बंद जागेची भीती वाटणाऱ्याने बाहेरच थांबावं.

पुढे नोम पेन्हला बसने सहा-सात तास लागतात, मोक बाय-बावेत नाक्यावरून. बसचा माणूस सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करतो आणि ‘व्हिसाचं मी बघतो’ म्हणतो. त्याचे वरचे पैसे त्यात आलेच. कंबोडियाचा ई-व्हिसा बावेतला चालतो, तो दाखवा आणि सरकारी शुल्काखेरीज काही देऊ नका. ज्यांना हे नको त्यांनी सायगॉनहून थेट सीम रीपचं विमान घ्यावं, तासाभराचा प्रवास.

नोम पेन्हला मात्र एक दिवस तरी थांबावं असं मला वाटतं. सकाळी राष्ट्रीय संग्रहालय, जिथे विष्णू आणि हरिहराच्या ख्मेर मूर्ती अगदी जवळून बघता येतात. राजवाडा दुपारी काही तास बंद असतो, वेळ विचारून जा. आणि दुसरा अर्धा दिवस तुओल स्लेंग. ही मुळात शाळा होती. १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या ख्मेर रूज नावाच्या जुलमी कम्युनिस्ट राजवटीत तिचा तुरुंग केला गेला. शहराबाहेर ‘चुंग एक’ इथे कैद्यांना मारून पुरलं जाई. दोन्ही ठिकाणी ध्वनिमार्गदर्शक घ्या, एकट्याने ऐकत चाला. त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

अंगकोर: तीन दिवसांचा पास, चार रात्री

अंगकोरचा पास १ दिवसाचा ३७ डॉलर, ३ दिवसांचा ६२, ७ दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस चालतो, सलग वापरावा लागत नाही. तोच घ्या. त्यावर तुमचा फोटो असतो, त्यामुळे ‘वापरलेला स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडे वळूही नका. बारा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा म्हणून त्यांचा पासपोर्ट लागतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पास काढला तर त्याच दिवशीचा सूर्यास्त त्यात मिळतो आणि दिवस दुसऱ्या सकाळपासून मोजतात.

दिवसभराची टुकटुक अंतरानुसार साधारण १५ ते २५ डॉलर. गाइड परवानाधारक घ्या आणि आधीच सांगा, ‘रामायण-महाभारत आम्हाला माहीत आहे, शिल्पं दाखवा.’ नाहीतर अर्धा वेळ राम कोण हे ऐकण्यात जाईल.

पहिल्या दिवशी अंगकोर थॉम ही जुनी तटबंद राजधानी आणि ता प्रोह्म हे देऊळ. दक्षिण दरवाजाच्या पुलावर दोन्ही बाजूंना देव आणि दानव नाग धरून ओळीने बसलेत. आत बायोन मंदिर, सातव्या जयवर्मन राजाचं, बाराव्या शतकाच्या अखेरचं. सगळे वर जाऊन प्रचंड दगडी चेहऱ्यांबरोबर फोटो काढतात. तुम्ही आधी खालच्या बाहेरच्या भिंती बघा. बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, आणि होड्यांमधली लढाई. फुलासारखं शिरस्त्राण घातलेले ते सैनिक म्हणजे चाम, ज्यांची देवळं तुम्ही मी सॉनला पाहून आलात. ११७७ मध्ये त्यांनी अंगकोरवर हल्ला केला होता, त्याचा बदला घेऊन जयवर्मन गादीवर बसला. झाडांच्या मुळांनी कवटाळलेलं ता प्रोह्म त्याने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ बांधलं. त्याच्या जतनाचं कामही भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय.

दुसऱ्या दिवशी बांतेय स्रेई, सीम रीपपासून तासभर. इ.स. ९६७ चं हे छोटं शिवमंदिर गुलाबी दगडाचं आहे आणि कोरीवकाम लाकडावर केल्यासारखं बारीक. रावण कैलास हलवतोय हे शिल्प वेरूळला आणि घारापुरीला पाहिलं असेलच. तेच इथे बघा: पर्वत पायऱ्यापायऱ्यांचा, वर पार्वती शिवाला बिलगलेली, खाली घाबरलेले प्राणी आणि ऋषी. समोरच्या बाजूला खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र आहे. वाली-सुग्रीवही शोधा. चढायची तयारी असेल तर पुढे क्बाल स्पियनला जा, दीड किलोमीटर चढ. नदीच्या पात्रात शेकडो शिवलिंगं आणि शेषशायी विष्णू कोरलेत. पावसाळ्यानंतर पाणी असतं तेव्हाच त्यात मजा. या बाजूला ठरलेली पायवाट सोडून रानात शिरायचं नाही. ग्रामीण कंबोडियातले सुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत.

अंगकोर वाट तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलेलं, पश्चिमाभिमुख. सूर्योदयाला सगळे तळ्याकाठी दाटीवाटीने उभे असतात. तुम्हीही उभे राहा, पण सूर्य वर आला की गर्दी नाश्त्याला पांगते, तेव्हा मागे न वळता आत शिरा. आधी पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथन, कारण तिथे सकाळचं ऊन येतं. मधे विष्णू, खाली कूर्म, वासुकीला धरलेल्या देव-असुरांची जवळजवळ पन्नास मीटरची रांग, आणि तळाशी घुसळणीत तुकडे झालेले मासे. वरच्या गाभाऱ्याकडे जाणारा जिना उभा आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर सोडत नाहीत, आणि बौद्धांच्या पवित्र दिवशी तो बंद असतो. पश्चिमेच्या ओवरीसाठी दुपारी तीननंतर परत या. कुरुक्षेत्राच्या भिंतीवर तेव्हा तिरकं ऊन पडतं: शरपंजरी भीष्म, अर्जुनाच्या रथावर चतुर्भुज कृष्ण. त्याच बाजूला लंकेचं युद्ध, त्यात हनुमानाच्या खांद्यावर उभा राम.

थायलंड सीमेवरचं प्रेआह विहार मंदिर सध्या यादीतून काढा. २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या सैन्यांत तिथे लढाई झाली आणि जमिनीवरचे सीमानाके बंद झाले. बँकॉकहून रस्त्याने येण्याजाण्याचा बेत म्हणूनच धरू नका, आणि निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा.

परतीच्या दिवशी एक लक्षात ठेवा. सीम रीपचा जुना विमानतळ गावाला लागून होता, जुन्या लेखांमध्ये तसंच लिहिलेलं सापडेल. ऑक्टोबर २०२३ पासून विमानं नव्या विमानतळावरून सुटतात आणि तो गावापासून साधारण ५० किलोमीटर आहे. टुकटुकच्या भरवशावर राहू नका. आदल्या रात्री हॉटेलवाल्याला सांगून गाडी ठरवा आणि विमानाच्या वेळेआधी चार तास निघा.